नोकरदारांसाठीची कॅटची वीकेंड बॅच : पैसे कशाचे मोजावेत आणि कशाचे नाहीत

पुण्यातील एका खाजगी शिकवणी संस्थेच्या ‘वर्किंग प्रोफेशनल्स वीकेंड बॅच’मध्ये मी कॅट २०२४ साठी, म्हणजे आयआयएम या व्यवस्थापन संस्थांच्या एमबीए प्रवेश परीक्षेसाठी, प्रवेश घेतला होता. संस्थेचे नाव येथे मुद्दाम दिलेले नाही, कारण त्याच काळात इतरत्र शिकणाऱ्या सहकाऱ्यांशी जे बोलणे झाले त्यावरून असे दिसते की या व्यवसायातल्या बहुतेक वीकेंड बॅचना पुढचे मुद्दे थोड्याफार फरकाने लागू पडावेत. हिंजवडीत पूर्णवेळ नोकरी, जाण्यायेण्यात जाणारा वेळ आणि परदेशातील ग्राहकाशी संध्याकाळी उशिरापर्यंत चालणाऱ्या बैठका, अशी परिस्थिती असलेल्या माणसाच्या दृष्टीने हे परीक्षण लिहिले आहे. महाविद्यालयात शिकता शिकता कॅट देणाऱ्याचे मत वेगळे असू शकेल. माझे मत आधीच सांगून टाकते. या बॅचमधील मॉक, म्हणजे सराव, परीक्षा आणि बुधवारची शंकानिरसनाची तासिका घेण्यासारखी आहे, गणिताचे शिक्षण चांगले आहे, आणि उरलेला जवळजवळ सगळा माल नोकरदाराला विकलाच जाऊ नये असा आहे.

बॅच विकताना पुढे ठेवली जाते ती तासांची संख्या. शेकडो तासांचे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, शनिवारी सकाळी ऑनलाइन आणि रविवारी केंद्रावर प्रत्यक्ष भरणारे वर्ग, छापील पुस्तकांचा खोकाभर संच, विषयवार चाचण्या, पंचवीस-तीस पूर्ण मॉक, मार्गदर्शकाशी महिन्यातून एकदा फोनवर बोलणे आणि निकालानंतर मुलाखतीची तयारी, असे सगळे एकाच पॅकेजमध्ये असते. जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेल्या शुल्कात अठरा टक्के जीएसटी धरलेला नसतो, ही गोष्ट समुपदेशक पैसे भरण्याच्या वेळीच सांगतात, म्हणून फोनवरच्या पहिल्या संभाषणातच एकूण रक्कम विचारून घ्यावी.

आता नोकरदाराकडे वेळ किती असतो त्याचा हिशेब मांडून पाहू. कॅट साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते. जूनच्या सुरुवातीला अभ्यासाला लागलेल्या माणसाच्या हातात सुमारे पंचवीस आठवडे राहतात. कामाच्या दिवशी रोज दोन तास आणि शनिवार-रविवार मिळून आठ तास, असे उत्साही गणित धरले तरी आठवड्याला अठरा आणि एकूण साडेचारशे तास होतात. एका मॉकला दोन तास आणि तिच्या नीट विश्लेषणाला किमान चार तास लागतात, म्हणजे पंचवीस मॉकनाच दीडशे तास गेले. उरलेल्या तीनशे तासांत आजारपण, कंपनीचे रिलीज, लग्नकार्ये आणि नुसता थकवा हे सगळे बसवायचे. या माणसाला शेकडो तासांचे व्हिडिओ ‘मूल्य’ म्हणून विकणे म्हणजे त्याच्याजवळ जे नाही तेच त्याच्याकडून मागण्यासारखे आहे. व्हिडिओ वाईट नाहीत. काही तर फारच चांगले आहेत. पण संस्थेने त्यांतून निवड करून दिलेली नाही, आणि निवड करण्यातच विद्यार्थ्याचा वेळ जातो.

निवडीचा मुद्दा कॅटच्या स्वरूपातच आहे, म्हणून त्याबद्दल थोडे विस्ताराने लिहिते. २०२० पासून परीक्षा दोन तासांची आहे. तिचे तीन विभाग असतात : इंग्रजी वाचन व आकलन, माहिती-विश्लेषण व तर्क, आणि गणित. प्रत्येक विभागाला चाळीस मिनिटे असतात, आणि एका विभागातून दुसऱ्यात मनाला येईल तेव्हा जाता येत नाही. २०२१ ते २०२३ या वर्षांत एकूण ६६ प्रश्न होते. २०२४ मध्ये ते ६८ झाले. बरोबर उत्तराला तीन गुण, चुकलेल्या पर्यायी प्रश्नाला एक गुण वजा, आणि ज्यांत उत्तर स्वतः टंकायचे असते त्या प्रश्नांना वजा गुण नाहीत. ६८ प्रश्नांना १२० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला सरासरी पावणेदोन मिनिटे. गणित बव्हंशी दहावीपर्यंतचेच असते. त्यामुळे परीक्षेत खरी कसोटी लागते ती कोणता प्रश्न सोडायचा हे ओळखण्याची, आणि नोकरीत रोज कामांचा प्राधान्यक्रम लावणाऱ्या माणसाला ही गोष्ट महाविद्यालयीन मुलापेक्षा लवकर जमायला हवी. बॅचने याचा फायदा करून घ्यायला हवा होता. प्रत्यक्षात मात्र सर्वांना एकाच क्रमाने, टक्केवारीपासून लघुगणकापर्यंत, अख्खा अभ्यासक्रम शिकवला जातो.

तरीही गणिताच्या वर्गाबद्दल तक्रार नाही. आमच्या बॅचला गणित शिकवणारे सर फळ्यावर समीकरण मांडण्याआधी पर्यायांकडे पाहायला लावत. १६.६७ टक्के म्हणजे एक षष्ठांश आणि १४.२८ टक्के म्हणजे एक सप्तमांश, असे अपूर्णांक जिभेवर बसल्याशिवाय ते पुढे सरकत नसत, आणि पंचवीस टक्के वाढवलेल्या किमतीवर वीस टक्के सूट दिली तर मूळ किंमतच का येते, हे कागदाला हात न लावता सांगायला लावत. अंकगणिताचे प्रश्न या विभागात दरवर्षी मोठ्या संख्येने येतात, आणि शाळा सोडून सात-आठ वर्षे झालेल्या माणसाची गाडी नेमकी काळ-काम-वेग आणि गुणोत्तर यांतच अडते. या सरांच्या पहिल्या दहा-बारा तासिका बॅच न घेणाऱ्यालाही स्वतंत्रपणे विकत मिळाल्या, तर मी कोणालाही त्या घ्यायला सांगेन. संस्था तसे करत नाही.

माहिती-विश्लेषण व तर्क या विभागाचे वर्ग मात्र शिकवण्याच्या पद्धतीमुळेच फुकट जातात. २०२४ च्या परीक्षेत या विभागात पाच संच (एकाच माहितीवर किंवा तक्त्यावर आधारलेले प्रश्नांचे गट) आणि २२ प्रश्न होते. चांगल्या पर्सेंटाइलसाठी (शेकडा किती उमेदवार आपल्या मागे आहेत ते सांगणारा आकडा) पाचही संच सोडवावे लागत नाहीत. दोन किंवा तीन संच पूर्ण आणि बिनचूक सुटले तरी पुष्कळ होते. अवघड असते ते पहिल्या चार-पाच मिनिटांत ‘हे दोन सुटतील, तो तक्ता फसवा आहे’ हे ठरवणे. वर्गात शिक्षक स्वतःला आधीच माहीत असलेला संच सुबकपणे सोडवून दाखवतात, विद्यार्थी माना डोलावतात, आणि कोणता संच हातात घ्यायचा हा प्रश्नच उपस्थित होत नाही. पाच संच समोर ठेवून, एकही न सोडवता, फक्त त्यांचा क्रम लावायला सांगणे आणि मग तो क्रम बरोबर होता का ते पडताळणे, हा पंधरा मिनिटांचा सराव रोज रात्री जेवण झाल्यावरही करता येतो. आमच्या काही जणांच्या गटाने तो स्वतःच सुरू केला. संस्थेच्या साहित्यात तो कुठेही नव्हता.

इंग्रजीचा विभाग ही या बॅचची सर्वांत कमकुवत बाजू आहे. पुस्तकांच्या संचात शब्दसंग्रहाची जाडजूड पुस्तिका आणि व्याकरणाचे स्वतंत्र पुस्तक दिले जाते. कॅटमध्ये शब्दार्थांवर किंवा व्याकरणाच्या चुकांवर थेट प्रश्न आता येत नाहीत. २४ पैकी १६ प्रश्न चार उताऱ्यांवर, आणि उरलेले आठ परिच्छेदाचा सारांश, वाक्यांचा क्रम, गाळलेले वाक्य कुठे बसते, अशा स्वरूपाचे असतात. उतारे मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र, पर्यावरण अशा कुठल्याही विषयावरचे असू शकतात, आणि प्रश्न लेखकाचा युक्तिवाद नेमका कुठवर जातो याबद्दल असतो. मराठी माध्यमातून आलेल्यांना या विभागाची धास्ती असते, ती मला काहीशी अनाठायी वाटते. मराठीतील वैचारिक लेख, दिवाळी अंकांतील दीर्घ निबंध वाचण्याची ज्याला सवय आहे त्याला लेखकाचे म्हणणे आणि लेखकाने दिलेले उदाहरण यांतला फरक कळतो. त्याला कमी पडतो तो इंग्रजी वाचनाचा वेग, आणि तो पुस्तिका पाठ करून येत नाही. रोज एक लांब इंग्रजी लेख, बसमध्ये का होईना, वाचून त्याचा एका वाक्यात सारांश लिहिणे याला पैसे पडत नाहीत. शनिवारी सकाळी तीन तास ऑनलाइन बसून दुसऱ्याने केलेले उताऱ्याचे वाचन ऐकणे हा या मानाने महागडा मार्ग आहे.

शनिवारच्या सकाळीबद्दल सांगायलाच हवे. सॉफ्टवेअर कंपन्यांत मोठे बदल शुक्रवारी रात्री केले जातात हे पुण्यातील संस्थेला ठाऊक नसेल असे म्हणवत नाही, तरीही शनिवारचा वर्ग साडेसातला सुरू होई. रेकॉर्डिंग दोन-तीन दिवसांनी मिळे, आणि तोवर रविवारचा पुढचा वर्ग होऊन गेलेला असे. बँकेत आणि चार्टर्ड अकाउंटंटच्या कार्यालयात काम करणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी होती, कारण सप्टेंबरची तिमाही अखेर आणि लेखापरीक्षणाच्या तारखा त्यांच्या ऐन अभ्यासाच्या काळात येतात. याउलट बुधवारी रात्री नऊ ते साडेदहाची शंकानिरसनाची तासिका ही या बॅचमधील सर्वांत शहाणपणाची सोय होती. प्रश्न आधी पाठवून ठेवायचे, शिक्षक त्यांतले नेमके दहा-बारा घेत, आणि ज्याचा प्रश्न असेल त्यालाच पहिल्या दोन पायऱ्यांची उकल बोलायला लावत. दीड तासात जे हाती लागे ते रविवारच्या चार तासांत लागत नसे.

आता मॉकबद्दल, कारण पैसे खरे त्यांचेच आहेत. पडदा प्रत्यक्ष परीक्षेसारखाच दिसतो, कॅलक्युलेटर माऊसनेच वापरावा लागतो, विभागांची वेळ तशीच बंद होते. प्रश्नांचा दर्जा सम नाही. गणिताचे काही पेपर विनाकारण किचकट होते. काठिण्य वाढवायला मोठमोठ्या संख्या वापरल्या की संस्थेला समाधान मिळत असावे. संच मात्र चांगले रचलेले होते. परीक्षेनंतर मिळणाऱ्या अहवालात प्रत्येक प्रश्नावर घालवलेला वेळ, आपण सोडून दिलेल्यांपैकी इतर बहुतेकांना सुटलेले प्रश्न आणि चुकलेल्या उत्तरांवर गेलेली मिनिटे असे तपशील असतात. यातला शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, कारण गुण वजा होतात ते दिसतात, पण चुकीच्या प्रश्नावर चार मिनिटे गेल्यामुळे जो सोपा प्रश्न पाहिलाच गेला नाही त्याची नोंद गुणपत्रकात कुठे होत नाही. अहवाल वाचायचा कसा हे मात्र कोणी शिकवत नाही. मार्गदर्शकाचा मासिक फोन त्यासाठीच असायला हवा होता. तो ‘अजून मॉक द्या’ एवढ्यावर संपत असे.

अहवालातील अंदाजे पर्सेंटाइल थोड्या सावधपणे घ्यावे. ते संस्थेच्या त्या मॉकला बसलेल्यांच्या तुलनेत काढलेले असते. प्रत्यक्ष कॅट २०२४ ला सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवार बसले होते. म्हणजे ९९ पर्सेंटाइलच्या उमेदवाराच्याही पुढे जवळजवळ तीन हजार जण असतात, आणि अगदी वरच्या आयआयएमच्या जागा त्या मानाने थोड्या आहेत. शिवाय परीक्षा तीन सत्रांत होते, सत्र उमेदवाराला निवडता येत नाही, आणि सत्रांच्या काठिण्यातील फरक सांख्यिकी पद्धतीने समान केला जातो. मॉकमधल्या कच्च्या गुणांवरून प्रत्यक्ष निकालाचा ताळेबंद मांडण्यात म्हणून फारसा अर्थ नाही.

सत्राच्या बाबतीत संस्थेचा एक नियम मला अजिबात पटला नाही. मॉक आठवडाभर खुली राही, पण अखिल भारतीय क्रमांक फक्त रविवारी सकाळी देणाऱ्यांनाच मिळे. प्रत्यक्ष परीक्षा सकाळी साडेआठला, दुपारी साडेबाराला किंवा संध्याकाळी साडेचारला यांपैकी कोणत्याही वेळी पडू शकते. दुपारच्या जेवणानंतरच्या मंद वेळेत किंवा दिवसभर मन खर्च झाल्यावर संध्याकाळी मॉक देण्याला उत्तेजन द्यायचे सोडून, ही संस्था सर्वांना सकाळच्या सरावात बसवते. क्रमांकाचा मोह सोडून निम्म्या मॉक दुपारी-संध्याकाळी द्याव्यात, असे माझे मत आहे. त्या कामाच्या दिवशी रात्री दहाला देऊ नयेत. त्यातून थकव्याचे मोजमाप होते, तयारीचे नाही.

वेळापत्रकाबद्दल एक तक्रार अशी की ते पुण्यात छापले असले तरी पुण्यात राहणाऱ्यासाठी बनवलेले नाही. ऑगस्ट ते नोव्हेंबर अभ्यासाचा चढता आलेख त्यात काढलेला आहे. २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी १७ सप्टेंबरला होती. पेठांत किंवा त्यांच्या आसपास राहणाऱ्याने त्या दहा दिवसांत घरी बसून पूर्ण मॉक द्यावी ही अपेक्षाच चमत्कारिक आहे. भाऊबीज ३ नोव्हेंबरला झाली आणि कॅट २४ नोव्हेंबरला, म्हणजे फराळाचे डबे रिकामे होईपर्यंत हातात बरोबर तीन आठवडे. आदल्या वर्षी तर लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आणि परीक्षा २६ नोव्हेंबरला होती. घरात एकट्यानेच सुटी मागून दार लावून बसणे किती जणांना जमते, आणि विशेषतः किती स्त्रियांना जमते, याचा विचार वेळापत्रक करणाऱ्याने केलेला दिसत नाही. माझ्या ओळखीच्या दोघींनी दिवाळीनंतर सलग आठवड्याची रजा टाकली आणि मॉक त्या आठवड्यात केंद्रित केल्या. नोकरदाराने रजा शिल्लक ठेवायची असेल तर ती तिथे, जुलैत नव्हे.

समुपदेशकांबद्दल थोडक्यात. पैसे भरेपर्यंत दिवसातून दोनदा, तेही कार्यालयीन वेळेत, फोन येतात. भरल्यावर येत नाहीत. त्याहून गंभीर बाब ही की मला किती वर्षांचा अनुभव आहे हा प्रश्न प्रवेशाच्या वेळी कोणीच विचारला नाही. दोन-अडीच वर्षे काम केलेल्याला कॅट योग्य आहे, आणि आयआयएम बंगळुरूसारख्या संस्था प्राथमिक निवडीत अनुभवाला गुणही देतात. पण चार-पाच वर्षे किंवा अधिक अनुभव असलेल्यासाठी आयआयएम अहमदाबादचा एक वर्षाचा पीजीपीएक्स हा व्यवस्थापन अभ्यासक्रम असतो, आणि त्याला जीमॅट किंवा जीआरई या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षांचे गुण लागतात. जीमॅट आता सव्वादोन तासांची, ६४ प्रश्नांची आहे, ती आपल्या सोयीच्या तारखेला देता येते, घरूनही देता येते आणि तिचे गुण पाच वर्षे चालतात. वर्षातून एकदाच, ठरलेल्या एका रविवारी होणाऱ्या परीक्षेपेक्षा काही नोकरदारांना हा मार्ग कितीतरी सोयीचा पडेल. वीकेंड बॅच विकणाऱ्याने हे सांगावे ही अपेक्षा भाबडी असेल, पण तो स्वतःला समुपदेशक म्हणवतो.

राज्याच्या एमबीए प्रवेश परीक्षेचे, म्हणजे सीईटीचे, मॉक याच संस्थेकडून वेगळे पैसे भरून मिळतात. मुंबईच्या जमनालाल बजाज किंवा पुणे विद्यापीठाच्या पुम्बा या व्यवस्थापन संस्थांचा विचार असेल तर ते घ्यावेत, कारण ही परीक्षा कॅटपेक्षा मुळातच निराळी आहे. १५० मिनिटांत २०० प्रश्न, म्हणजे प्रश्नाला पंचेचाळीस सेकंद, आणि वजा गुण नाहीत. कॅटसाठी महिनोन्‌महिने लावून घेतलेली प्रश्न सोडून देण्याची सवय इथे मोडावी लागते. ७५ प्रश्न तर्काचे आणि २५ आकृत्यांचे असतात; आकृत्यांचा सराव कॅटच्या बॅचमध्ये होतच नाही. २०२५ ची सीईटी एप्रिलच्या पहिल्या तीन दिवसांत झाली, त्यामुळे कॅटनंतर तिला पुरेसा वेळ मिळतो, फक्त मार्चची वर्षअखेर मध्ये येते.

पैसे वाचवायचे असतील तर असे करता येईल. पूर्ण बॅच न घेता फक्त मॉकची मालिका घ्यावी. तिचे शुल्क बॅचच्या एका लहानशा हिश्शाइतके असते आणि ती बहुतेक संस्था स्वतंत्रपणे विकतात, मात्र माहितीपत्रकात ती शेवटच्या पानावर सापडते. त्याआधी आयआयएमच्या अधिकृत संकेतस्थळावरची मोफत मॉक आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवाव्यात, म्हणजे संस्थेचे कोणते प्रश्न कॅटसारखे आहेत आणि कोणते नुसतेच अवघड, हे ओळखता येते. ज्याचा गणिताचा सराव खरोखरच सुटला आहे त्याने वर्गाला बसावे, पण प्रवेश घेण्याआधी एक रविवार फुकट बसू द्या असा आग्रह धरावा. आमच्या संस्थेने विचारणाऱ्यांना तसे बसू दिले होते. पैसे परत मिळण्याची मुदत लेखी घ्यावी.

मुलाखतीची तयारी पॅकेजमध्ये आधीच धरलेली असते, म्हणून तिचे वेगळे मूल्यमापन कोणी करत नाही. कॅट २०२४ चा निकाल १९ डिसेंबरला लागला आणि मुलाखतीचा कॉल आल्यानंतर तयारीला वेळ थोडाच होता. संस्थेने घेतलेल्या सराव मुलाखतींत एमबीए का, पाच वर्षांनी कुठे असाल, हेच विचारले गेले. कामाचा अनुभव असलेल्यांना प्रत्यक्षात बहुतेक प्रश्न त्यांच्या कामावरच विचारले जातात : तुमची कंपनी पैसे कशातून मिळवते, तुमच्या प्रकल्पाने ग्राहकाचे नेमके काय वाचवले, तुमच्या जागी उद्या दुसरा कोणी आला तर काय बिघडेल. यासाठी सर्वांत चांगली सराव मुलाखत कार्यालयातील एखाद्या ज्येष्ठ सहकाऱ्याने घेतलेली असते, मात्र नोकरी सोडण्याचा विचार त्याच्या कानावर घालायचा की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे.